बाण लागल्यावरची नऊ मिनिटं

लग्नासाठी मुलगी बघायला नागपूरला गेलेला नरहर देवपुजारी एका दाढीवाल्या पुरुषाच्या प्रेमात पडून रायपूरला परतला, असं तिथल्या बुढापारा मोहल्ल्यात सांगतात. सांगणारी त्याची बायकोच असल्यामुळे ते खोटं धरता येत नाही.

झालं होतं असं. मुलीच्या मामांना नाटकाचं वेड. चहापोहे उरकल्यावर पाहुण्यांना नुसतं कसं सोडायचं, म्हणून त्यांनी सगळ्यांना ‘संगीत सप्तदुर्ग’ला नेलं. सात किल्ले, चार अंक, अठ्ठावीस पदं, दोन लढाया आणि एक खराखुरा घोडा. एकूण साडेचार तास. नरहर तेव्हा सत्तावीस वर्षांचा. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळी संपवून तसाच गाडीत बसलेला. राजा चंद्रबाहूनं पहिल्या पदाला सूर लावला आणि इकडे नरहरनं मान टाकली. दोन अंक तो होणाऱ्या सासऱ्याच्या खांद्यावर झोपला. घोरलाही. तिसऱ्या अंकात धाडकन आवाज झाला, त्याचे डोळे उघडले, ते मग मिटलेच नाहीत.

रंगमंचावर किल्लेदार भुजंगनाथ सातव्या किल्ल्याचं दार उघडत होता. बाहेर शत्रूचा वेढा, आत सहा महिन्यांची उपाशी रयत, आणि राजाचं फर्मान असं की मेलात तरी दार उघडायचं नाही. राजा स्वतः अर्थातच बाहेर होता, दोन वेळा जेवून. किल्लेदार दार उघडतो. शत्रू रयतेला वाट देतो आणि किल्ला घेतो. राजा लांबून किल्लेदाराला बाण मारतो. तो बाण छातीत घेऊन किल्लेदार नऊ मिनिटं गातो आणि मग मरतो. त्यानंतर राजा त्याच्या प्रेतापुढे उभा राहून बारा मिनिटं गातो, कारण राजा आहे, त्याला तीन मिनिटं जास्त.

नाटक सुटल्यावर मामांनी हळूच विचारलं, “मग? काय विचार आहे?”

“आवडला,” नरहर म्हणाला.

“आवडली म्हणायचं असंल त्याले,” नरहरच्या आईनं सावरून घेतलं, आणि लग्न ठरलं. ऋतानं, म्हणजे त्या मुलीनं, तो काना आजवर माफ केलेला नाही.

पुढच्या अठ्ठावीस वर्षांत नरहरनं ‘सप्तदुर्ग’ एकतीस वेळा पाहिलं. कंपनी पुण्याची, त्यामुळे ती जिथं येईल तिथं हा जाणार: नागपूर, भिलाई, बिलासपूर, जबलपूर. पाहून झाल्यावर पाच-सात दिवस घरात किल्लेदार वावरायचा. ताटात भाजी कमी पडली तरी “रयत उपाशी आहे” म्हणायचा. एकदा किल्लेदारासारखी दाढी वाढवली. अकराव्या दिवशी ऋतानं सांगितलं, की दाढी राहील किंवा ती राहील. नरहरनं तासभर विचार केला म्हणे. आवाज मात्र किल्लेदाराचा त्याला मिळाला नाही. तीस वर्षं गरम सळ्यांच्या खडखडाटावरून ओरडून त्याचा गळा असा झाला होता, की तो घरात “चहा” म्हणाला तर मोहल्ल्यातल्या तलावाच्या पलीकडचा टपरीवाला पातेलं चढवायचा. सुराचं म्हणाल तर सूर आणि नरहर यांची कधी ओळखच झाली नव्हती. पण पदं सगळी पाठ. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

एवढ्या भक्तीला विरोधक हवाच. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. गुलाबराव हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, आणि राजा चंद्रबाहूचे निष्ठावंत. त्यांच्या बैठकीत राजाचं काम करणाऱ्या जुन्या नटाचा मुकुटातला मोठा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. नट तेव्हा जिवंत होता. एका दौऱ्यात तो त्यांच्याकडे चहाला आला, भिंतीवर स्वतःला हार घातलेला पाहिला, आणि चहा न घेताच उठला.

गुलाबरावांचं म्हणणं साधं होतं. आज्ञा म्हणजे आज्ञा. उद्या प्रत्येक किल्लेदार आपापल्या मनानं दारं उघडायला लागला तर राज्य कसं चालायचं? किल्लेदार हा फितूर, भले गोड गळ्याचा. नरहरचं म्हणणं त्याहून साधं. राजा हा गधा. गल्लीतल्या एका लुळ्या कानाच्या कुत्र्याला तो “राजे” म्हणून हाक मारायचा, आणि गुलाबराव फिरायला निघण्याची वेळ साधून मारायचा. रायपूरच्या मराठी मंडळींत यावरून सरळ दोन तट पडले, राजेवाले आणि किल्लेदारवाले. एका कोजागिरीला दुधाचं पातेलं लवंडलं. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात ‘दार’ हा शब्द जपून वापरतात. “खिडकी उघडा” म्हणतात.

नऊ वर्षं कंपनी रायपूरला फिरकली नव्हती. गेल्या डिसेंबरात ती यायची ठरली. रविवार, दुपारी साडेतीन. नरहरनं पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या धरल्या: स्वतःला, ऋताला आणि देवश्रीला. देवश्री त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. तिला आणण्यासाठी नरहरनं आठवडाभर विनवण्या केल्या होत्या.

“पापा, साढ़े चार घंटे?”

“अवं, नऊ मिनिटं पाह्य फक्त. बाकी झोपून जाय. मीबी झोपलो होतो.”

पहिल्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला गुलाबराव बसले होते, नव्या जाकिटात. दोघांनी एकमेकांकडे न पाहण्याची खूप मेहनत घेतली.

पडदा उघडला आणि नरहरला शंका आली. घोडा नव्हता. घोड्याच्या जागी मागच्या मोठ्या पडद्यावर चित्रातला घोडा पळत होता, आणि राजा जागच्या जागी उड्या मारत होता. वाजवणारे कुठंच नव्हते. पेटी, तबला, सगळं कुठल्या तरी यंत्रातून येत होतं. राजा नवा होता, कुठल्याशा मालिकेतला देखणा पोरगा. त्याचे ओठ गाण्याच्या थोडे मागून चालत होते. पाऊण तासात पाच किल्ले पडले.

“हे काय चालू आहे?” नरहर कुजबुजला. ती कुजबूज बाल्कनीपर्यंत गेली.

“नई पीढ़ी के लिए छोटा किया है, पापा. दो घंटे का है. बाहर बोर्ड पे लिखा था.”

किल्लेदार मात्र जुनाच होता, यशवंतराव. नागपूरला पाहिले होते तेच. आता सत्तरीचे, दाढी आता खरीच पांढरी. त्यांनी दार उघडलं. नरहरनं देवश्रीचं मनगट धरलं. बाण आला. यशवंतरावांनी छातीवर हात ठेवला, “राजे!” म्हणाले, आडवे झाले आणि मेले.

बास. मेले. पडद्यावर वीज कडाडली, यंत्रातून राजाच्या बारा मिनिटांच्या पदाची सुरावट सुरू झाली.

नरहर उभा राहिला.

“ओ! थांबवा!”

मिलमध्ये असं ओरडलं की अख्खी लाइन बंद होते. इथंही झाली. आत बसलेल्या माणसानं घाबरून यंत्र बंद केलं. राजा धनुष्य धरून, तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

“पद कुठं हाये?” नरहर म्हणाला. “नऊ मिनिटं कुठं गेली माझी?”

“अहो, खाली बसा,” ऋता दातांतून म्हणाली.

“पापा, बैठो ना, प्लीज़.” देवश्रीनं ओढणी डोक्यावरून तोंडावर घेतली.

पडद्यामागून कंपनीचे व्यवस्थापक धर्मपाल आले. हात जोडून म्हणाले, “रसिकहो, ही संक्षिप्त आवृत्ती आहे. कृपया सहकार्य करावं.”

“बाण लागलेला माणूस गायल्याशिवाय मरत नाही!” नरहर गरजला. मागून दहा-बारा किल्लेदारवाल्यांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी शिट्टी मारली. एक-दोघे “बसा हो!” ओरडले, आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे गेल्या. गुलाबराव उठत होते. आता जुंपणार, म्हणून लोक सरसावून बसले.

गुलाबरावांनी जाकीट नीट केलं. “व्यवस्थापक,” ते म्हणाले, “एक सांगा. किल्लेदार म्हणतो,

उघडिले दार, नको मज मुक्ती,
भुकेल्यापुढती कसली रे भक्ती!

त्यावर आमचे महाराज म्हणतात,

उघडिले दार, बुडविली शक्ती,
मैत्रीस माझ्या हीच का भक्ती!

एकेका ओळीचं उत्तर हाये ते. आता यानं काही म्हटलंच नाही, तर महाराज उत्तर कोणाले देऊन राहिले? भिंतीले?”

नरहर त्यांच्याकडे बघतच राहिला. अठ्ठावीस वर्षांत गुलाबराव पहिल्यांदा बरोबर बोलले होते.

“हव!” नरहर म्हणाला. “राजा गधा असंल, पण येडा नाही.”

“गधा काढू नका,” गुलाबराव म्हणाले.

धर्मपालांनी सांगून पाहिलं, की त्या पदाचं संगीत यंत्रात भरलेलंच नाही. कुणी ऐकेना. हा गोंधळ चालू असताना रंगमंचावरच्या प्रेतानं एक डोळा उघडला. मग दुसरा. यशवंतराव कोपरावर उठले, बाण सरळ केला आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, “म्हणतो. पेटी नको. तुम्ही बसा आता.”

यशवंतरावांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. साथीला काही नाही, नुसता माणसाचा गळा. पहिलं कडवं असं आलं, की देवश्रीनं ओढणी खाली केली. दुसरं कडवं आलं. नरहरचे डोळे वाहू लागले होते आणि तो ते पुसतही नव्हता. तिसऱ्या कडव्यात जिथं आवाज गडाच्या टोकावर चढतो, तिथं यशवंतराव थांबले. तोंड उघडं, सूर नाही. मग खोकला आला. एक, दोन, थांबेचना.

शब्द विसरले, असं नरहरला वाटलं. एवढ्या वर्षांच्या प्रेमानं त्यानं पहिला शब्द ओरडून सांगितला. तरी गाणं सुरू होईना, म्हणून मग तो स्वतःच सुरू झाला.

त्या गाण्याबद्दल फार न बोललेलं बरं. सूर त्यात नव्हताच. ताल होता, तो रोलिंग मिलचा. पण शब्द न् शब्द खणखणीत. मागून किल्लेदारवाले उठले, त्यांनी साथ धरली. प्रत्येकाची पट्टी वेगळी. मग एका टोकाकडून सुरेल, बारीक आवाज आला, आणि लोकांनी पाहिलं तर गुलाबराव डोळे मिटून फितुराचं पद म्हणत होते. शेवटच्या ओळीला यशवंतरावांनी श्वास सावरला, हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं आणि ती ओळ एकट्यानं हळूच म्हणून मेले. टाळ्या इतक्या वाजल्या की मेलेल्या माणसाला दोनदा उठून नमस्कार करावा लागला.

प्रयोग संपल्यावर नरहर रंगपटात गेला, ऋता आणि देवश्री मागोमाग. त्याला वाटत होतं आता मिठी मिळणार. यशवंतराव आरशासमोर बसून श्वासाचं औषध ओढत होते. तोंडात तो छोटा पंप धरलेला, चेहरा अर्धा रंगलेला.

“तो ओरडणारा तुम्हीच ना?” त्यांनी विचारलं.

“हव, मीच,” नरहर फुलून म्हणाला. “या लोकांनी तुमचं पद कापलं, मले राहवलं नाही.”

“लोकांनी नाही कापलं. मी कापायला लावलं.”

नरहर दोन पावलं पुढे आला.

“दोन वर्षांपासून दमा आहे,” यशवंतराव म्हणाले. “तिसऱ्या कडव्याला माझा श्वास पुरत नाही. भोपाळला चारशे माणसांसमोर फजिती झाली. धर्मपालना म्हटलं, नवी पिढी वगैरे काहीतरी सांगा आणि ते पद काढा, म्हणजे मला काम सोडावं लागणार नाही. व्यवस्थित चाललं होतं हो. आज तुम्ही मला हजार माणसांपुढं उघडं पाडलंत.”

नरहरचा चेहरा पांढरा पडला. मिलमध्ये त्यानं तापलेली सळी पायाशी पडलेली पाहिली होती, त्या दिवशी घरी आला तेव्हाही तो असा दिसला नव्हता, असं ऋता सांगते.

“चुकलो,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज दाराबाहेर गेला नाही.

यशवंतरावांनी पंप खाली ठेवला. “बरं, आणखी एक सांगतो म्हणजे पुरतं होईल. मला हा किल्लेदार कधी आवडला नाही. हौसेनं मरणारा माणूस वाटतो मला. पंचवीस वर्षं मी राजाचं काम मागत होतो. बारा मिनिटांचं पद आहे त्याला. दिलं नाही कुणी.”

नरहर खुर्चीत बसला. खुर्ची नव्हती, ती मुकुटांची पेटी होती. ती वाकली.

अशा वेळी काय बोलायचं हे त्याला सुचणं शक्यच नव्हतं. ऋताला सुचलं. “उद्या गाडी किती वाजता आहे तुमची?” तिनं विचारलं. “संध्याकाळची? मग दुपारी आमच्याकडं जेवायला या. पाटोड्यांचा रस्सा करते. तिखट चालतं ना?”

आणि यशवंतराव आले. बुढापाऱ्याच्या गल्लीत रिक्षातून उतरले तेव्हा नेमकं शेजारच्या बाईंनी “राजे, चल हट!” म्हणून कुत्र्याला हाकललं. यशवंतरावांनी विचारलं, कुत्र्याचं नाव राजे कसं? नरहरनं सांगितलं. ते पायरीवर बसून इतके हसले, की पुन्हा पंप काढावा लागला.

नरहर ताटाकडे बघून जेवत होता. शेवटी ऋताच म्हणाली, “तुम्ही काल म्हणालात ना, हौसेनं मरणारा माणूस. यांची नोकरी गेली होती तुमच्या त्या दारापायी.”

“ऋता, सोड ना ते,” नरहर म्हणाला.

“काहून सोडू?” आणि तिनं सांगितलं. देवश्री तेव्हा पाळण्यात होती. छेरछेराचा सण, छत्तीसगडातली सुगीची पौष पौर्णिमा. कामगार पाळी सोडून गावी पळतील म्हणून मालकानं मिलच्या फाटकाला कुलूप लावायला सांगितलं होतं. दुपारी एक तापलेली सळी रुळावरून उसळली आणि धनेश्वर नावाच्या कामगाराच्या पायात घुसली. चौकीदार म्हणाला, मालकाचा फोन आल्याशिवाय उघडणार नाही. नरहरनं घण घेतला, कुलूप फोडलं, धनेश्वरला ट्रकमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्याच्या मागून सगळी पाळी सण करायला गावी गेली. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

“घरी आले तर मी विचारलं, काहून काढलं? म्हणतात, दार उघडलं. मी डोक्याले हात लावला. म्हटलं, नाटकानं घात केला.”

“नाटकाचा काही संबंध नाही,” नरहर चिडून म्हणाला. “माणसाचा पाय जळून राहिला होता. तिथं कोण पद म्हणत बसते?”

“गायला नाहीत ते नशीब,” ऋता म्हणाली.

देवश्री ताटावरून वर बघत होती. “ये मुझे किसी ने क्यों नहीं बताया?”

“त्यात सांगण्यासारखं काय हाये? चार महिने घरी बसलो. मग दुसऱ्या मिलनं घेतलं. धनेश्वर चालते-फिरते आता. तिकडं धरसींवा गावाले सायकलचं दुकान हाये त्याचं.”

यशवंतराव घास हातात धरून बसले होते. मग म्हणाले, “म्हणजे उघडताना काही थोर-बिर वाटलं नाही?”

“नाही जी. राग आला होता. कुलूप लवकर तुटेना म्हणून.”

“राग,” यशवंतराव स्वतःशीच म्हणाले. “एकोणतीस वर्षं मी ते दार डोळे आभाळाकडे लावून उघडतोय. दिग्दर्शकानं सांगितलं होतं, चेहऱ्यावर तेज हवं.” त्यांनी घास तोंडात टाकला आणि ताट पुढे केलं. “वहिनी, रस्सा वाढा. श्वास मोकळा झाला या तिखटानं.”

संध्याकाळी गाडीत बसवायला नरहरबरोबर गुलाबरावही आले होते. त्यांनी यशवंतरावांना शाल दिली आणि सांगितलं की आपण विरोधी पक्षातले आहोत, शाल केवळ गळ्यासाठी आहे, भूमिकेसाठी नाही.

फेब्रुवारीत यशवंतरावांचा फोन आला. त्यांनी काम सोडलं होतं. कंपनीत एक नवा गाणारा मुलगा आला होता, त्याला त्यांनी किल्लेदार शिकवला. “पद पुरतं ठेवलंय. पेटी-तबलाही परत आणलाय, धर्मपालशी भांडून. दार उघडताना मी त्याला चिडायला सांगितलंय. तुमच्याजवळच दुर्गला प्रयोग आहे, दुपारचा. या. उभे राहू नका.”

नरहर, गुलाबराव आणि देवश्री गेले. देवश्री स्वतःहून आली होती, विनवण्यांशिवाय. नवा किल्लेदार लहानखुरा होता, दाढी त्याला मोठी होत होती. पण दाराला त्यानं असा खांदा लावला, जसा अडलेल्या दाराला कोणीही लावेल, आणि दार उघडलं तेव्हा तो शिवी देईल असं वाटलं. नऊ मिनिटं पुरती झाली. नरहर खुर्चीचे हात घट्ट धरून बसला आणि उठला नाही. देवश्री हमसून रडली. गुलाबरावांनी तिला आपला रुमाल दिला, इस्त्रीचा.

परतताना लोकलमध्ये तिघं खिडकीजवळ बसले. भिलाई गेलं आणि नरहरला राहवेना.

“मग? काय म्हणते?”

“बहुत अच्छा था, पापा. वो गाना तो, मतलब, क्या बताऊँ.” ती थांबली. “पर एक बात है. किल्लेदार ग़लत था. उसको पहले राजा के पास आदमी भेजना था ना. पूछना तो था एक बार. बेचारा राजा.”

गुलाबरावांनी खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

कुम्हारी स्टेशन येईपर्यंत नरहर तिच्याशी बोलला नाही. कुम्हारीला गरम फुटाणेवाला चढला, तेव्हा त्यानं दोन पुड्या घेतल्या, एक स्वतःला आणि एक गुलाबरावांना. मग जरा वेळानं, बाहेर बघत, आपल्यातली अर्धी तिच्यापुढे केली.

“राजेवाली पोट्टी,” तो म्हणाला. सगळ्या डब्यानं ऐकलं.